नम्र राहून कामाच्या ठिकाणी मान कसा मिळवावा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एखाद्या यंत्रमाग कारखान्यात नवा पर्यवेक्षक रुजू झाला, की पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात येते की हुद्दा आपला मोठा असला, तरी माग अडला म्हणजे सगळ्यांच्या नजरा जुन्या जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कसबी कारागिराकडे, वळतात. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या मानवशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हाच भेद मांडला : धाकाने बळकावलेले स्थान वेगळे, आणि कसब पाहून लोकांनी आपणहून दिलेला मान वेगळा. नम्रता उपयोगी पडते ती या दुसऱ्या वाटेवर, कारण जाणकार माणूस ताठ नसेल तरच शिकणारे त्याच्याजवळ जातात.

म्हणून आधी आपल्याला येणारे एखादे काम चोख करून दाखवावे. कसब दिसण्यापूर्वीची नम्रता लोकांना कच्चेपणाच वाटते. त्यानंतर विचारावे, पण नेमके विचारावे. ‘मला यातले काहीच कळत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘अण्णा, ताणा बरोबर आहे, तरी किनारीलाच धागा का तुटतो, एकदा दाखवा’ असे म्हटल्यास आपल्याला कुठवर कळते हेही समोरच्याला दिसते. जॉबरने तोड काढली, तर मालकासमोर त्याचे नाव घ्यावे, आणि तेही तो तिथे हजर असताना.

चूक कबूल करताना मोघम माफी मागू नये. टॉवेलच्या मागणीत किनारीचा रंग चुकीचा लिहिला गेला असेल, तर काय चुकले, किती माल अडकला आणि आता काय केले आहे, हे तीन वाक्यांत त्याच दिवशी सांगावे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट चहाच्या टपरीवरून मालकाच्या कानावर गेली, तर तिला कबुली कोणी म्हणत नाही.

कौतुक झाले की ‘मी कुठे काय केले’ म्हणण्याची आपली रीत लग्नकार्यात शोभते. पगारवाढीच्या बोलण्यात मात्र ती अंगाशी येते, कारण ऐकणारा ते शब्दशः खरे मानू शकतो. ज्यांच्या कसबाविषयी आधीच शंका घेतली जाते, अशा नवख्यांनी आणि पर्यवेक्षक स्त्रियांनी तर बोलण्याची सुरुवात क्षमायाचनेने करूच नये. बैठकीला जाताना वर्षभरात स्वतः पार पाडलेली कामे एका कागदावर लिहून न्यावीत आणि प्रत्येक कामापुढे मदत करणाऱ्याचे नाव लिहावे.