साच्याने भिंतीवर चित्र कसे उमटवावे : स्टेन्सिल ग्राफिटीची पहिली पायरी

माळव्यात पितृपक्ष लागला की मुली घराच्या भिंतीवर शेणाने संजा नावाची आकृती काढतात आणि तिच्यावर गुलबास, झेंडू अशा फुलांच्या पाकळ्या लावतात. दिवाळीत आपल्याकडे अंगणात रांगोळीचे छाप उमटतात. विजेच्या खांबांवरचे क्रमांक आणि धान्याच्या पोत्यांवरचे मार्के तर वर्षानुवर्षे पत्र्याच्या साच्याने रंगवले जात आहेत. त्यामुळे स्टेन्सिल ग्राफिटी हा शब्द परका वाटला तरी ती कला इंदूरकराला अनोळखी नाही. कागदात किंवा प्लास्टिकमध्ये आकार कापायचा आणि त्या मोकळ्या जागेतून रंग भिंतीपर्यंत पोहोचवायचा, एवढेच तिचे तत्त्व आहे. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने १९८१ मध्ये साच्याने भिंतींवर उंदीर उमटवायला सुरुवात केली, आणि पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बँक्सी या भित्तिचित्रकारामुळे ही पद्धत जगभर ओळखली गेली. वेळ खाणारे सगळे काम घरी उरकते आणि भिंतीसमोर काही मिनिटेच लागतात, हे तिचे मोठे बळ आहे.

आधी भिंत, मग चित्र

ज्या भिंतीवर काम करायचे तिच्या मालकाची लेखी परवानगी प्रथम घ्यावी. मध्य प्रदेशात संपत्ती विरूपण निवारण अधिनियम, १९९४ लागू आहे, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय लोकांच्या दृष्टीस पडणाऱ्या जागेवर रंगाने लिहिणे किंवा खुणा करणे हा त्याखाली दंडनीय अपराध आहे. इंदूरचा राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग अशा जुन्या वास्तूंच्या दगडाला तर हात लावण्याचा विचारही करू नये, कारण सच्छिद्र दगडात शिरलेला रंग पूर्णपणे निघत नाही. नवशिक्याने आपल्याच घराची गच्ची, सोसायटीच्या आवाराची आतली बाजू किंवा ओळखीच्या दुकानदाराचे शटर यांपासून सुरुवात करावी. अशा ठिकाणी चूक झाली तर ती पुसून पुन्हा करता येते, आणि शिकणाऱ्याला याच सोयीची सर्वाधिक गरज असते.

चित्राची तयारी

सगळे कौशल्य खरे तर इथेच आहे, म्हणून या भागाला घाई करू नये. पहिले चित्र एकाच रंगाचे आणि छायाचित्रातल्या गडद सावलीसारखे असावे: चिमणी, पिंपळाचे पान, सायकल, चहाची किटली. छायाचित्र घेतले असेल तर मोबाइलवर ते पूर्ण काळे-पांढरे करून त्यातला करडा भाग काढून टाकावा आणि ए-३ आकारात त्याची छापील प्रत काढावी. काळा भाग कापला जाणार आणि पांढरा भाग साचा म्हणून उरणार, हे मनात पक्के धरून त्या प्रतीकडे पाहावे.

आता अडचण येते ती बेटांची. चिमणीचा डोळा काळा आणि त्याभोवतीचे कडे पांढरे असेल, तर डोक्याचा काळा भाग कापताच ते कडे आधाराविना गळून पडेल. ते धरून ठेवण्यासाठी बाजूच्या पांढऱ्या भागाशी त्याला जोडणारी अरुंद पट्टी सोडावी लागते. या पट्टीला सांधा म्हणू. सांधा ३ ते ५ मिलिमीटर रुंद असावा. त्याहून बारीक ठेवला तर दुसऱ्या वापरातच फाटतो. सांधे चित्राच्या स्वभावाप्रमाणे, म्हणजे पिसांच्या दिशेने, पानाच्या शिरांवर किंवा किटलीच्या कडेला ठेवले, तर ते मुद्दाम काढलेल्या रेषांसारखे दिसतात. मनाला येईल तिथे ठेवलेले सांधे मात्र चित्रावर ठिगळासारखे उठून दिसतात.

देवनागरी अक्षरे कापणाऱ्याने शिरोरेषेचा स्वतंत्र विचार करावा. रोमन लिपीचे तयार स्टेन्सिल पाहून हा विचार सुचत नाही, कारण त्या लिपीत शिरोरेषाच नाही. आपल्याकडे प, म, य, स या अक्षरांच्या पोटातली जागा शिरोरेषेमुळे बंद होते. अशा अक्षराच्या वर शिरोरेषेत एक छोटा खंड ठेवला की ती जागा मोकळी होते आणि वेगळा सांधा लागत नाही. व, ब, क, ठ यांची गाठ मात्र स्वतःच बंद असते, म्हणून तिथे गाठीच्या रेषेतच सांधा द्यावा लागतो. सगळ्या शब्दात हे खंड सारख्या रुंदीचे आणि प्रत्येक अक्षरावर साधारण त्याच जागी ठेवले, तर अक्षराला स्वतःचे वळण मिळते. मला या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो.

कापणे

साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ती पातळ आणि चिवट असते व रंगाने भिजत नाही. तिच्या कोपऱ्यावर रुग्णाचे नाव छापलेले असते, तो भाग आधी कापून टाकावा. फिल्म न मिळाल्यास प्लास्टिकची फाइल किंवा जाड कार्डशीट चालते. इंदूरच्या खजुरी बाजारात स्टेशनरीच्या दुकानांत दोन्ही मिळते. छापील प्रत फिल्मवर पातळ गोंदाने चिकटवावी, खाली कटिंग मॅट किंवा जाड काच ठेवावी आणि टोकदार पात्याच्या कटरने काम करावे. पाते बोथट होताच टोक मोडून नवे घ्यावे, कारण बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात घसरतो. रिकामा हात नेहमी पात्याच्या मागच्या बाजूला असावा. आधी आतले बारीक भाग कापावेत आणि बाहेरचे मोठे भाग शेवटी, म्हणजे काम होईपर्यंत फिल्म ताठ राहते. वळणावर कटर वळवण्याऐवजी फिल्मच फिरवावी. सांधा तुटला तर दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून तो पुन्हा कापता येतो.

भिंतीवर

भिंत कोरडी, घट्ट आणि शक्य तितकी गुळगुळीत हवी. चिकटपट्टी लावून झटक्याने ओढावी. तिच्यासोबत चुन्याची पांढरी पूड निघाली तर आधी भिंत घासून प्राइमरचा हात द्यावा. इंदूरला दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामाला सर्वांत चांगले. पावसाळ्यात ओल असते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या भिंतीवर रंग नीट बसण्याआधीच वाळतो. भिंत रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, वाटेवर असेल, तर गेर होऊन गेल्यावरच काम हाती घ्यावे.

साचा मास्किंग टेपने चारही बाजूंनी चिकटवावा आणि त्याच्या भोवती वर्तमानपत्राची रुंद झालर लावावी, कारण फवारा अपेक्षेपेक्षा दूर जातो. स्प्रे रंगाचा डबा हलवल्यावर आतल्या गोळीचा आवाज सुरू झाला की त्यानंतरही मिनिटभर हलवत राहावे. मग २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, भिंतीशी काटकोनात, हात एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेत हलका थर द्यावा. फवारा साच्याच्या बाहेर सुरू करावा आणि बाहेरच थांबवावा. मी पहिल्यांदा आमच्या गच्चीवर एकाच दमात गडद थर दिला. रंग साच्याखाली झिरपला आणि चिमणीच्या पोटाखाली चार ओघळ उतरले. दोन-तीन पातळ थर आणि मध्ये काही मिनिटांचा अवकाश, हाच त्यावर उपाय आहे.

स्प्रेच्या रंगात ज्वलनशील वायू आणि द्रावक असतात. काम मोकळ्या हवेत करावे, जवळपास विडी, सिगारेट, शेगडी नसावी आणि डबा उन्हात ठेवू नये. साध्या कापडी मास्कमधून द्रावकाची वाफ आत जातेच, म्हणून कार्बनच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर वापरावा. मुलांना शिकवायचे असेल तर स्प्रे पूर्णपणे टाळावा. स्पंजचा तुकडा ॲक्रिलिक रंगात बुडवून कागदावर टिपून घ्यावा आणि जवळजवळ कोरड्या स्पंजने साच्यावर ठोकत रंग भरावा. याला वेळ जास्त लागतो, पण कडा स्प्रेइतक्याच, कधी कधी अधिकच, स्वच्छ येतात.

शेवटचा थर दिल्यावर एक-दोन मिनिटांत, ओला रंग न हलवता, साचा वरच्या कडेपासून सरळ आपल्याकडे ओढून काढावा. नंतर डबा उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत दाबावा, म्हणजे नोझल तुंबत नाही. साचा आडवा ठेवून वाळवावा. प्रत्येक वापरात त्याच्या कडांवर रंगाचा पापुद्रा चढतो आणि बारीक जागा अरुंद होत जातात. एक्स-रे फिल्म असेल तर वाळलेला हा पापुद्रा फिल्म हलकेच वाकवून नखाने सोलता येतो, आणि तोच साचा पुढच्या भिंतीसाठी तयार होतो.