पचनमार्गातले इओसिनोफिल: बायोप्सी कशी घ्यायची, कशी मोजायची, कुठे फसायला होतं

निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल (ॲलर्जी, जंत अशा वेळी वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) नसतात. जठरापासून गुदाशयापर्यंत मात्र ते कायमचे रहिवासी आहेत. म्हणून ‘इओसिनोफिल दिसले’ एवढ्यावर निदान होत नाही. कुठल्या जागेचा तुकडा, किती क्षेत्रफळात किती पेशी आणि रुग्ण तेव्हा कोणती औषधं घेत होता, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पहिली चूक बहुधा एंडोस्कोपीच्या टेबलावरच होते. इओसिनोफिल साचून पचनमार्गाला दाह होण्याचा हा आजार ठिपक्याठिपक्यांनी पसरतो आणि अस्तर डोळ्यांना अगदी निरोगी दिसू शकतं. अन्ननलिकेतून किमान ६ तुकडे, कमीत कमी दोन पातळ्यांवरून (खालचा भाग आणि मधला किंवा वरचा) घ्यावेत. चट्टे, खाचा, वलयं दिसत असतील तर तिथले आधी. जठराच्या कॉर्पस (मधला मुख्य भाग) आणि अँट्रममधून (शेवटचा भाग) प्रत्येकी ४ आणि ड्युओडेनममधून (लहान आतड्याचा पहिला भाग) ४ घेतले तर निसटण्याची शक्यता बरीच कमी होते. प्रत्येक जागेसाठी वेगळी फॉर्मॅलिनची बाटली हवी. सगळे तुकडे एकाच बाटलीत आले तर पॅथॉलॉजिस्ट पेशी मोजेल, पण कुठल्या अवयवाच्या निकषाशी ताडायच्या ते त्याला कळणार नाही.

प्रेडनिसोलोन, ब्युडेसोनाइड (दोन्ही स्टेरॉइड), डुपिलुमॅब (इंजेक्शनचं औषध) किंवा आहारातून पदार्थ वगळणं यांनी पेशी कमी होतात, अन्ननलिकेत पीपीआयनेही (आम्ल कमी करणारी औषधं). पहिली तपासणी शक्यतो ही औषधं सुरू होण्याआधी करावी. ते जमत नसेल तर विनंतीपत्रावर औषध, मात्रा आणि किती दिवस हे लिहावं. ‘पोटदुखी, बायोप्सी’ एवढ्या चिठ्ठीवर चांगला रिपोर्ट मिळत नाही.

आता मोजणी. अन्ननलिकेचा उंबरा आहे एका हाय पॉवर फील्डमध्ये (४०च्या भिंगाखाली एका वेळी दिसणारं वर्तुळ) १५ इओसिनोफिल, म्हणजे साधारण ६० प्रति चौरस मिलिमीटर. गडबड इथेच आहे: प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं हे फील्ड सारखं नसतं. आयपीसवरच्या फील्ड नंबरला ४०ने भागलं की ४०च्या भिंगाखालच्या फील्डचा व्यास मिळतो. फील्ड नंबर २२ असेल तर व्यास ०.५५ मिमी आणि क्षेत्रफळ ०.२४ चौरस मिमी. १८ असेल तर ०.१६, २६ असेल तर ०.३३. ६० प्रति चौरस मिमी याच घनतेचा तुकडा १८च्या आयपीसखाली साधारण १० पेशी दाखवेल आणि २६च्या खाली २०. म्हणजे एकाच स्लाइडवर एक डॉक्टर ‘नाही’ म्हणेल, दुसरा ‘आहे’. आपल्या सूक्ष्मदर्शकाचं क्षेत्रफळ एकदा काढून भिंतीवर चिकटवून ठेवा आणि रिपोर्टमध्ये लिहा.

आधी कमी भिंगाखाली सगळे तुकडे, त्यांचे सगळे काप पाहा, मग सर्वात दाट जागा शोधून तिथे मोजा. अन्ननलिकेत सरासरी नव्हे, कमाल आकडा हवा. बेसल (सर्वात तळाच्या) थराची वाढ, पेशींमधली रुंद अंतरं, पृष्ठभागालगत थर करून बसलेले इओसिनोफिल, त्यांचे सूक्ष्म गळू, लॅमिना प्रोप्रियातलं (अस्तराखालचा थर) फायब्रोसिस (तंतू साचून घट्टपणा) हेही नोंदवा. आकडा उंबऱ्याच्या जवळ असला की कौल याच खुणा देतात.

पुढच्या अवयवांत सर्वमान्य उंबरा नाही. औषधांच्या चाचण्यांत जठरासाठी किमान ५ फील्डमध्ये प्रत्येकी ३०, ड्युओडेनमसाठी किमान ३ फील्डमध्ये प्रत्येकी ३० असा निकष वापरला गेला. प्रति फील्ड ड्युओडेनमसाठी ५२, उजव्या मोठ्या आतड्यासाठी १०० आणि सिग्मॉइड-रेक्टमसाठी ६४ हेही प्रचलित आकडे आहेत. उजवीकडे इओसिनोफिल मुळातच जास्त असतात. सीकममधले (मोठ्या आतड्याची सुरुवात) ४० पाहून घाबरायचं कारण नाही. क्रिप्टच्या (आतड्याच्या अस्तरातल्या खोल खाचा) तळाशी लालभडक कणांच्या पॅनेथ पेशी चुकून मोजल्या जातात. इओसिनोफिलचं केंद्रक दोन पाळ्यांचं असतं, ते पाहावं.

संख्या जास्त आली तरी इतर कारणं शोधावीच लागतात: ॲसिड रिफ्लक्स, एनएसएआयडी (आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं), क्रोन्स (आतड्याचा दाह), सिलिअॅक (ग्लुटेनमुळे होणारा आजार), हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम (रक्तात इओसिनोफिल फार वाढणं), मास्टोसायटोसिस (मास्ट पेशींची वाढ). आपल्याकडे सर्वात महत्त्वाचे जंत. ड्युओडेनमच्या क्रिप्टमध्ये स्ट्राँगिलॉइडिस हा जंत आहे का, यासाठी तुकड्याचे जास्तीचे काप घ्या. मलाची एकच तपासणी त्यासाठी पुरेशी नाही, सेरॉलॉजीही (रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी) सुचवा. हा जंत असताना स्टेरॉइड सुरू केलं तर हायपरइन्फेक्शन (जंतांची शरीरात बेसुमार वाढ) होऊन रुग्ण दगावू शकतो.

रक्तातले इओसिनोफिल नॉर्मल असले तरी आजार नाकारू नका. आजार स्नायूच्या थरात किंवा सिरोसात (सर्वात बाहेरचं आवरण) असेल तर चिमट्याने घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडणार नाही, कारण तो चिमटा तिथवर पोचत नाही. अडथळ्याची लक्षणं असतील तर स्कॅन आणि गरजेप्रमाणे पूर्ण जाडीची बायोप्सी. पोटात पाणी असेल तर त्यातले इओसिनोफिल मोजून घ्या.

रिपोर्टमध्ये जागेनुसार कमाल संख्या, फील्डचं क्षेत्रफळ, रचनेतले बदल आणि जंत दिसले की नाही हे लिहा. ‘इओसिनोफिलिक गॅस्ट्रोएन्टेरायटिस’ असं मोघम नाव टाळा. २०२२च्या एकमतानुसार अवयवाचं नाव घ्यावं: इओसिनोफिलिक गॅस्ट्रायटिस, ड्युओडेनायटिस, कोलायटिस. पण लक्षणं आणि इतर कारणं तपासलेली नसतील तर तेही नको. ‘इओसिनोफिल वाढलेले, क्लिनिकल संदर्भाशी जुळवावे’ एवढंच लिहावं.