स्मार्ट घर अडलं तर: इन्स्टॉलरला बोलावण्याआधी काय तपासावं

इन्स्टॉलरने बसवून दिलेली स्मार्ट होम यंत्रणा अडली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी टाचणी घेऊन रिसेटच्या भोकात खुपसतं, नाहीतर मडगाव-म्हापशाहून माणूस येईपर्यंत सगळे खोळंबून बसतात. खरं तर बिघाड विजेचा आहे, नेटवर्कचा आहे, कंट्रोलरचा (सगळी यंत्रणा चालवणाऱ्या मुख्य यंत्राचा) आहे की एखाद्या मॉड्यूलचा (दिवा चालू-बंद करणाऱ्या छोट्या यंत्राचा), हे घरच्या माणसाला कोणत्याही अवजाराशिवाय ओळखता येतं.

सगळ्यात आधी, त्या भोकापासून लांब राहा. ते बंद-चालू करण्यासाठी नसतं. काही सेकंद दाबून धरलं की यंत्र कोरं होतं आणि सगळे सीन (एकत्र लागणाऱ्या दिव्यांची आधी ठरवलेली मांडणी), टायमर, खोल्यांची नावं पुसली जातात. यंत्र रीस्टार्ट करायचं तर प्लग काढून मिनिटभराने परत लावा.

१. भिंतीवरचं बटण दाबा आणि कान द्या

अ‍ॅप बाजूला ठेवा. जो दिवा लागत नाही त्याचं भिंतीवरचं बटण दाबा आणि स्विचबोर्डजवळ कान न्या. बहुतेक मॉड्यूलमध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, असतो आणि तो बदलताना बारीक ‘टक’ ऐकू येतं. टक झालं आणि दिवा नाही लागला, तर दोष दिव्यात, त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये किंवा पुढच्या वायरिंगमध्ये; साधा इलेक्ट्रिशियन पुरे. टक झालंच नाही, तर मॉड्यूलला वीज मिळत नाही किंवा ते गेलं आहे. आणि बटणाने दिवा लागतो पण अ‍ॅपवरून लागत नाही, तर वायरिंग ठीक आहे, थेट नेटवर्ककडे वळा. रिले डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य विजेच्या पेटीत, असतील, तर टक तिथे ऐकायची; त्यासाठी एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने डीबीपाशी उभं राहावं.

२. डीबी बघा, पावसात तर नक्कीच

गोव्यात जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. गेटचा दिवा, बागेतला स्पॉट, पंप यांत पाणी शिरलं की करंट जमिनीत गळतो आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो. त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे सर्किट एकदम जातात आणि घरच्यांना वाटतं, सिस्टीमच बंद पडली. हात कोरडे, पायात चप्पल. आरसीसीबीखालचे सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे स्विच) पाडा, आरसीसीबी वर करा, मग एमसीबी एकेक करून चढवा. ज्याच्यावर परत पडेल तो दोषी. तो पाडून ठेवा, बाकी घर चालू द्या. डीबीचं आतलं, स्क्रूने बसवलेलं झाकण मात्र उघडू नका. शेजाऱ्यांकडेही लाईट नसेल तर वीज खात्याचा १९१२ हा क्रमांक आहेच.

३. क्रमाने चालू करा

लाईट गेली आणि आली की सगळी यंत्रं एकदम उठतात. कंट्रोलर राउटरच्या आधी जागा झाला, तर त्याला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) मिळत नाही. म्हणून सगळं बंद करून आधी फायबरचा (इंटरनेटची केबल येते तो) डबा, तो स्थिर झाला की राउटर, मग नेटवर्क स्विच (नेटवर्कच्या केबल जोडणारा डबा) आणि शेवटी कंट्रोलर. कंट्रोलरला पाच-दहा मिनिटं द्या. या चार यंत्रांना छोटा यूपीएस लावा. माझ्या मते पावसाळ्यासाठी याहून चांगला खर्च नाही.

४. नेटवर्क

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (LOS) दिवा लाल असेल तर फायबरमधून सिग्नल येत नाही, सेवा देणाऱ्या कंपनीला कळवा. तेवढ्यात घरातले सीन चालू राहायला हवेत. केएनएक्स (सहसा तारेवरची) किंवा घरातल्याच हबवरच्या (यंत्रं जोडणाऱ्या डब्यावरच्या) झिगबी (बिनतारी) यंत्रणेला दिवे लावायला इंटरनेट लागत नाही. बंद पडतं ते बाहेरून फोनवर चालवणं आणि आवाजी आज्ञा.

आता फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर अ‍ॅप उघडा. डेटावर चालतं, वाय-फायवर नाही, तर घोळ घरातल्या नेटवर्कमध्ये. उलट असेल तर इंटरनेट किंवा अ‍ॅपच्या खात्यात.

सगळ्यात जास्त घरं अडतात ती राउटर बदलल्यावर. नवीन राउटरला जुन्याच नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड हुबेहूब द्या, २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवा. वाय-फायवरचे बहुतेक स्विच आपोआप परत येतात. कंट्रोलरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवलेला असतो, तोही नव्यात घालावा लागतो. कंपनीचा डबा आणि इन्स्टॉलरचा राउटर दोघेही राउटरचं काम करत असतील, तर कंपनीकडून डबा ब्रिज मोडमध्ये (तो नुसतं इंटरनेट पुढे देईल असा) टाकून घ्या.

चिऱ्याच्या जाड भिंती ही आपल्याकडची खास अडचण. मागच्या खोलीतल्या सेन्सरचा संपर्क तुटत असेल, तर हब हलवण्याआधी बघा, मधला एखादा झिगबी प्लग कोणी बंद तर केला नाही? कायम विजेवर चालणारी यंत्रं संदेश पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. मधला दुवा गेला की पलीकडची सगळी गप्प. आणि मोशन सेन्सर रात्री उगीच दिवे लावत असेल, तर त्याच्या काचेवरून पाल फिरते का पाहा.

५. वेळा नीट लावा

बल्कावातले (दारापुढच्या ओसरीतले) दिवे सातला लागतील असा टायमर ठेवू नका. पणजीत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. ‘सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी’ असा नियम घाला. त्यासाठी कंट्रोलरमध्ये स्थान गोव्याचं आहे का, टाइम झोन भारताचा आहे का, हे तपासा. चवथीला घर पाहुण्यांनी भरतं तेव्हा मोशनवरचे सीन तात्पुरते थांबवणारं एक बटण ठेवा. आजी झोपलेल्या खोलीत रात्रभर दिवे लागत राहणं हा छळ आहे.

घर महिनोन्‌महिने बंद ठेवून परदेशी जाणाऱ्यांनी मेन पाडू नये. कॅमेरे जातात आणि यूपीएसची बॅटरीही मरते. नेटवर्कच्या कपाटाला वेगळा एमसीबी घेऊन तेवढाच चालू ठेवा.

६. आपल्या घराचे हक्क आपल्याकडे

हे पैसे चुकते करण्याआधीच करायचं. मुख्य खातं तुमच्या ईमेलवर हवं, इन्स्टॉलर त्यात पाहुणा. राउटर आणि कंट्रोलरचे पासवर्ड, कुठला सर्किट कुठल्या मॉड्यूलवर याचा तक्ता आणि केएनएक्स असेल तर प्रोजेक्टची फाईल मागून घ्या. ती फाईल नसेल तर दुसरा इन्स्टॉलर साधा बदलही करू शकत नाही, सगळं नव्याने उभं करावं लागतं. इन्स्टॉलरने प्रत्येक बदल केल्यावर फाईलची नवी प्रत घ्या आणि नावात तारीख घाला, कारण जुनी प्रत चढवली की मधले सगळे बदल जातात.