कान्सची लिस्ट लागायच्या आधी आपली लिस्ट कशी लावायची

मार्च संपत आला की सिनेमावेड्यांच्या ग्रुपवर एकच विषय, यंदा कान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या त्या मोठ्या फिल्म फेस्टिवलला, कोण. आयपीएलची टीम लावतात तशी लोक वीस-बावीस नावं टाकतात आणि त्यातले बहुतेक जण नुसते मोठमोठे दिग्दर्शक लिहून मोकळे होतात. त्याने चार-पाच बरोबर येतात, बाकी सगळं पाण्यात. अंदाज नीट लावायचा असेल तर दिग्दर्शकाच्या नावावर भाळायचं नाही, आधी फ्रान्सकडे बघायचं. सिनेमात फ्रेंच पैसा कोणाचा आहे, तिथे तो रिलीज कोण करणार आहे आणि कधी, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की अर्धं काम झालं.

आधी वेळापत्रक डोक्यात फिट करा. फेस्टिवल मे महिन्यात, साधारण मध्यापासून पुढे बारा दिवस. लिस्ट एप्रिलच्या मध्याच्या आसपास पॅरिसला प्रेस कॉन्फरन्समधे जाहीर होते (2023 ला 13 एप्रिल, 2024 ला 11, 2025 ला 10). निवड करणाऱ्यांचा प्रमुख थिएरी फ्रेमो, हा गडी 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे ठाण मांडून आहे त्यामुळे त्याची आवडनिवड बऱ्यापैकी माहितीची झालीये. 2025 ला 2900 च्या वर सिनेमे आले होते आणि मेन कॉम्पिटिशनमधे शेवटी गेले 22. म्हणजे आपण जे शोधतोय ते हे वीस-बावीस. त्याच्या बाजूला उं सर्तें रगार हा दुसरा अधिकृत सेक्शन आहे, मिडनाईट आहे, आऊट ऑफ कॉम्पिटिशन आहे आणि 2021 पासून कान्स प्रीमियर नावाचा एक सेक्शन आहे, ज्यात माझ्या मते अशी माणसं बसवतात ज्यांना नाही म्हणायची सोय नसते पण कॉम्पिटिशनमधे घ्यायचंही मनात नसतं.

आता एक शीट उघडा. कॉलम फार नकोत, दिग्दर्शक, शूटिंग कधी संपलं, फ्रेंच डिस्ट्रीब्युटर, सेल्स एजंट, रिलीजची तारीख, एवढं बास. शूटिंगचा कॉलम लोक सोडून देतात आणि तिथेच मार खातात. माझा हिशोब असा की शूटिंग मागच्या दिवाळीपर्यंत आटोपलं असेल तर सिनेमा शर्यतीत, फेब्रुवारीत अजून कॅमेरा चालू असेल तर पुढच्या वर्षाच्या शीटमधे ढकला. याला अपवाद असतात, एडिट पूर्ण नसलेले कटसुद्धा निवडणारे बघतात, पण अपवादावर लिस्ट लावायची नसते. उलट्या बाजूने टेरेन्स मॅलिक. त्याचा 'अ हिडन लाईफ' 2016 ला शूट झाला आणि कान्सला आला 2019 ला. त्यानंतरचा, येशूच्या गोष्टींवरचा, 2019 मधेच शूट झाला आणि मग दर वर्षी सगळ्यांच्या लिस्टमधे पहिल्या नंबरवर, आणि दर वर्षी नाही. हा माणूस एडिटिंगला बसला की कॅलेंडर बघत नाही, त्याच्यासाठी जागा अडवू नका.

मग छाटणी. पहिली कात्री नेटफ्लिक्सवर. कॉम्पिटिशनमधे यायचं तर सिनेमा फ्रान्सच्या थेटरात रिलीज झालाच पाहिजे असा नियम आहे, 2017 ला नेटफ्लिक्सच्या 'ओक्जा' वरून राडा झाला त्यानंतर आलेला. आणि फ्रान्सचा कायदा असा की थेटरात लागलेला सिनेमा नेटफ्लिक्सला 15 महिने थांबून दाखवावा लागतो, आधी तर 36 महिने होते. नेटफ्लिक्स कशाला थांबेल, ते सरळ इटलीतल्या व्हेनिस फेस्टिवलला जातात, 'रोमा' गेला, 'द पॉवर ऑफ द डॉग' गेला, 'फ्रँकेन्स्टाईन' गेला. पण इथे एक बारकावा आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. नेटफ्लिक्सने स्वतः बनवलेला सिनेमा वेगळा आणि नंतर अमेरिकेपुरता विकत घेतलेला वेगळा. 'एमिलिया पेरेझ' लोकांनी नेटफ्लिक्सवर बघितला म्हणून तो नेटफ्लिक्सचा वाटतो, पण फ्रान्समधे तो पाथे या तिथल्या डिस्ट्रीब्युटरने थेटरात लावला होता, म्हणून 2024 ला कॉम्पिटिशनमधे चालला. तेव्हा नेटफ्लिक्सचं नाव दिसलं की लगेच काट मारू नका, आधी फ्रान्सचे हक्क कोणाकडे आहेत ते बघा.

दुसरी कात्री प्रीमियरवर. जानेवारीत सनडान्सला किंवा फेब्रुवारीत बर्लिनला दाखवलेला सिनेमा कान्सच्या कॉम्पिटिशनला येत नाही. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' 2025 ला सनडान्सला ग्रँड ज्युरी प्राईझ जिंकला तेव्हा आपल्यातलेच काही जण "आता कान्स!" म्हणत नाचत होते. अरे बाबांनो, तो दरवाजा सनडान्सला हो म्हटलं तेव्हाच बंद झाला. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत या दोन फेस्टिवलच्या लिस्टा आल्या की आपल्या शीटमधली नावं भराभर उडवा.

आता रिलीजच्या तारखेचं. हे योर्गोस लांथिमोस या दिग्दर्शकावरून एकदम स्वच्छ कळतं. 'काईंड्स ऑफ काईंडनेस' अमेरिकेत जून 2024 ला लागणार होता, तो आला कान्सला. 'द फेव्हरिट' नोव्हेंबरचा, 'पुअर थिंग्ज' डिसेंबरचा, 'बुगोनिया' ऑक्टोबरचा, हे तिन्ही गेले व्हेनिसला. माणूस तोच, फक्त तारीख बदलली. ऑस्करच्या मागे लागायचं असेल तर अमेरिकन स्टुडिओ सिनेमा ऑगस्टअखेर व्हेनिसला उघडतो म्हणजे चर्चा थेट हिवाळ्यापर्यंत टिकते, मे मधे उघडला तर मधले पाच-सहा महिने जळत ठेवावा लागतो. म्हणून इंग्रजी सिनेमाची तारीख मे-जूनची असेल तर कान्सच्या बाजूला टाका, ऑक्टोबरच्या पुढची असेल तर दहा वेळा विचार करा. मोठे ॲक्शनपटही याच हिशोबाने येतात, 2022 ला 'टॉप गन मॅव्हरिक', 2024 ला 'फ्युरिओसा', 2025 ला 'मिशन इम्पॉसिबल', सगळे मे महिन्याचे रिलीज आणि सगळे आऊट ऑफ कॉम्पिटिशन, म्हणजे त्यांना बावीसात धरायचंच नाही.

फ्रेंच सिनेमासाठी तर याहून सोपी युक्ती आहे. फ्रान्समधे नवीन सिनेमे बुधवारी लागतात. अलोसिने या फ्रेंच सिनेमाच्या साईटवर जा आणि मे-जूनचे बुधवार चाळा. एखाद्या बऱ्या दिग्दर्शकाचा सिनेमा फेस्टिवलच्या मधल्याच बुधवारी लावलाय किंवा आधी मार्चमधे होता तो गुपचूप मे च्या शेवटी सरकवलाय असं दिसलं की समजायचं, काहीतरी शिजतंय. ओपनिंग फिल्म तर बहुतेक वेळा त्याच दिवशी फ्रान्सभर थेटरात लागते. फ्रेंच आडनावं वाचून कंटाळा येतो मान्य आहे, पण कॉम्पिटिशनमधे दर वर्षी फ्रेंच सिनेमे भरपूर असतात आणि त्यांचा निर्णय शेवटी शेवटी होतो, त्यामुळे या भागात अंदाज बरोबर आला तर मजाही जास्त.

सेल्स एजंट म्हणजे सिनेमा देशोदेशी विकणारी कंपनी. एमकेटू, मॅच फॅक्टरी, शराद, गुडफेलाज, लक्सबॉक्स ही नावं ओळखीची करून घ्या. फेब्रुवारीत बर्लिनच्या मार्केटच्या वेळी हे लोक आपापल्या सिनेमांचे पहिले फोटो व्हरायटी, स्क्रीन, डेडलाईन या सिनेधंद्याच्या पेपरांना देतात, त्या बातम्या सेव्ह करून ठेवा. अमेरिकेच्या बाजूने निऑन कंपनीवर नजर असू द्या. 'पॅरासाईट' पासून 2025 च्या पनाहीच्या सिनेमापर्यंत पाम दोर (कान्सचं सगळ्यात मोठं बक्षीस) जिंकलेल्या सलग सहा सिनेमांचे अमेरिकन हक्क यांच्याकडे. यातले काही त्यांनी फेस्टिवलमधे बघून घेतले हे खरं, पण लिस्ट लागायच्या आधीच निऑनने एखादा सिनेमा उचलला असेल तर तो लिस्टमधे वर घ्या.

या सगळ्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच अंगणातलं आहे, पायल कपाडिया. 2024 ला तिचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट' जाहीर झाला तेव्हा पेपरांनी "30 वर्षांनी भारतीय सिनेमा कॉम्पिटिशनमधे" (आधीचा शाजी करुण यांचा 'स्वाहम', 1994) असं छापलं, जणू काही आकाशातून पडला. पण माग काढत गेलं तर पुण्याच्या एफटीआयआयमधे असताना केलेली तिची शॉर्ट फिल्म 2017 ला कान्सच्या विद्यार्थी विभागात होती. मग कान्सचीच पॅरिसला एक रेसिडेन्सी असते, तरुण दिग्दर्शकांना राहून स्क्रिप्ट लिहायला देतात, तिथे ती होती. 2021 ला 'अ नाईट ऑफ नोईंग नथिंग' डिरेक्टर्स फोर्टनाईटला (कान्सच्या बाजूने चालणारा वेगळा विभाग) आणि बेस्ट डॉक्युमेंटरीचं लॉय दोर. प्रोड्युसर 'प्ती काओ' (Petit Chaos) ही फ्रेंच कंपनी, तीच पुढच्या सिनेमालाही. सेल्सला लक्सबॉक्स, फ्रान्समधे डिस्ट्रीब्युटर ठरलेला, हॉलंड आणि लक्झेंबर्गचेही पार्टनर. म्हणजे शूटिंग मुंबईत आणि रत्नागिरीला, छाया कदम कोकणातल्या आपल्या गावी परत जाते ती गोष्ट, आणि कागदावर निम्मा सिनेमा युरोपियन. हे ज्याने शीटमधे लिहून ठेवलं असेल त्याला कान्सचं नवल वाटायचं कारण नव्हतं, नवल फक्त उं सर्तें रगारऐवजी थेट कॉम्पिटिशन मिळाली याचं, आणि मग ग्राँ प्री, म्हणजे पाम दोरच्या खालोखालचं बक्षीस. नीरज घायवानचंही तसंच, 'मसान' मधे फ्रेंच पैसा होता, 2015 ला उं सर्तें रगार, आणि दहा वर्षांनी 'होमबाऊंड' त्याच सेक्शनमधे. कान्स आपली माणसं विसरत नाही. म्हणून भारतीय नाव शोधताना बॉलीवूडच्या बातम्या वाचून काही होत नाही, त्यापेक्षा नोव्हेंबरमधे गोव्याला इफ्फीच्या बाजूला फिल्म बझार भरतो तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेसची नावं बघा, आणि फ्रान्सची सीएनसी ही सरकारी सिनेसंस्था परदेशी सिनेमांना फंड देते त्याच्या याद्या बघा.

इथेच एक सावधगिरी. दर वर्षी बातमी येते "अमुक मराठी चित्रपटाची कान्ससाठी निवड". बातमीत मार्केट किंवा मार्शे शब्द आहे का ते बघा. फेस्टिवलच्या बाजूला तिथे सिनेमाचा बाजार भरतो, त्यात पैसे भरून कोणालाही हॉल घेऊन सिनेमा दाखवता येतो, आणि आपलं सरकारही मराठी सिनेमे निवडून तिकडे पाठवतं. चांगलीच गोष्ट आहे, खरेदीदार बघतात, पण ती फ्रेमोची निवड नव्हे. आपल्या लिस्टमधे असली नावं घेऊ नका, भावना कितीही उचंबळल्या तरी.

नेहमीचे पाहुणे वेगळे मोजा. दार्देन बंधू, कोरे-एडा, योआकिम त्रियर, फरहादी, या दिग्दर्शकांचा सिनेमा तयार आहे का एवढंच बघायचं, बाकी प्रश्न विचारायचे नाहीत. तरी कोरे-एडाही 2019 ला फ्रेंच सिनेमा घेऊन व्हेनिसलाच गेला होता, तेव्हा शंभर टक्के असं कोणीच नसतं. आणि ज्युरीत बसलेल्याचा सिनेमा कॉम्पिटिशनमधे नसतो हे विसरू नका.

मग दोन जागा कोऱ्या ठेवा. इराणमधून परवानगीशिवाय, लपूनछपून शूट झालेले सिनेमे कुठल्याच बातमीत नसतात. 2024 ला रसूलोफचा 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' पहिल्या लिस्टमधे नव्हताच, नंतर जोडला, मे मधे त्याला आठ वर्षांची शिक्षा सुनावली गेल्याचं कळलं आणि तो देश सोडून पळून प्रीमियरला हजर. लिस्टमधे अशी भर दर वर्षी पडते, 2025 ला लिन रॅमझीचा सिनेमा नंतर आला, बी गानचा 'रिझरेक्शन' तर फेस्टिवल तोंडावर आलं तेव्हा. म्हणून ग्रुपवर पैज लावताना आधीच ठरवून घ्या की नंतर जोडलेले धरायचे की नाही, नाहीतर भांडणं होतात.

जाहीर करायच्या दिवशी पॅरिसचे सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच, यूट्यूबवर लाईव्ह असतं. आधी अध्यक्ष इरिस नोब्लॉख बोलतात, मग फ्रेमो, आणि फ्रेमोला बोलायला आवडतं हो. कॉम्पिटिशन बहुतेक शेवटी वाचतो तेव्हा धीर धरा. तुमचं एखादं नाव आधीच उं सर्तें रगारमधे वाचलं गेलं तर अर्धा मार्क द्यायचा असा आमच्याकडे नियम आहे. क्रिटिक्स वीक आणि डिरेक्टर्स फोर्टनाईट यांचे निवडणारे वेगळे, त्यांच्या लिस्टा नंतरच्या काही दिवसांत येतात. क्रिटिक्स वीकला फक्त पहिला किंवा दुसरा सिनेमा चालतो, 'लंचबॉक्स' 2013 ला तिथेच होता, त्यामुळे नवीन मराठी दिग्दर्शकासाठी हीच लिस्ट जास्त बारकाईने बघा.

आणि ज्या नावांवर काट बसली ती डिलीट करू नका, दुसऱ्या टॅबमधे हलवा. 2025 ला जिम जारमुश कान्सच्या सगळ्या अंदाजांमधे होता, तिथे आला नाही, सप्टेंबरमधे व्हेनिसला गोल्डन लायन घेऊन गेला. व्हेनिसची लिस्ट जुलैच्या शेवटी लागते, नेटफ्लिक्सवाल्यांना तिथे बंदी नाही, आणि चैतन्य ताम्हाणेचे 'कोर्ट' आणि 'द डिसायपल' दोन्ही तिथेच उघडले, तेव्हा त्या टॅबमधे एक कॉलम मराठीसाठी ठेवाच.