गोंगाटात बोलणं किती कळतं: क्विकसिन चाचणी घेताना

शांत खोलीतल्या ऑडिओग्रामवरून (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरून) लग्नाच्या हॉलमध्ये माणसाला किती कळेल हे सांगता येत नाही. त्यासाठी क्विकसिन, म्हणजे गोंगाटात वाक्यं ऐकवून घ्यायची चाचणी, वेगळी घ्यावीच.

आधी रेकॉर्डिंगमधला कॅलिब्रेशन टोन (पातळी जुळवायचा स्वर) वाजवून ऑडिओमीटरचा, म्हणजे ऐकणं तपासायच्या यंत्राचा, व्हीयू मीटर (आवाजाची पातळी दाखवणारा काटा) शून्यावर आणा. शुद्ध स्वरांची सरासरी (ऑडिओग्राममध्ये साधे स्वर जेमतेम ऐकू येतात त्या पातळ्यांची सरासरी) 45 डेसिबलपर्यंत असेल तर आवाज 70 डेसिबलवर ठेवा. त्याहून जास्त असेल तर मोठा पण सोसवेल असा आवाज समोरच्यालाच ठरवू द्या.

एका यादीत सहा वाक्यं, प्रत्येकात मोजायचे पाच शब्द, मागे चौघांची बडबड. पहिल्या वाक्याला बोलणं बडबडीपेक्षा 25 डेसिबल वर असतं, मग दर वाक्याला 5 ने उतरत शून्यावर येतं. ऐकणाऱ्याने बरोबर म्हणून दाखवलेल्या शब्दांची बेरीज 25.5 मधून वजा करा: 18 आले तर उत्तर 7.5, म्हणजे गोंगाटात त्याला सामान्य ऐकणाऱ्यापेक्षा बोलणं 7.5 डेसिबल जास्त वर लागतं. उत्तर 3 पर्यंत आलं तर ठीक, 7 पर्यंत सौम्य अडचण, 15 पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. एकाच यादीवर विसंबू नका, किमान दोन याद्यांची सरासरी घ्या.

सगळ्यात मोठी चूक भाषेची. वाक्यं इंग्रजी आहेत. इंग्रजी कच्चं असलेल्या आजोबांचे गुण कमी आले तर दोष कानाचा की भाषेचा, हे कळणारच नाही. आणि मराठी वाक्यं स्वतः रेकॉर्ड करून त्यांना 25.5 चं सूत्र लावू नका. ते याच याद्यांसाठी बसवलेलं आहे.