पहिल्या अल्बमची पहिली टूर: या चुका टाळा

अल्बम हातात आला की बँड सगळ्यात आधी गावांची यादी करतो. मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद, बेंगळुरू. आठ दिवसांत सहा गिग, म्हणजे कार्यक्रम. यादी बघायला छान वाटते, आणि बहुतेक टूर इथेच बिघडते.

पुणे ते बेंगळुरू रस्त्याने सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर आहे. फोनवरचा नकाशा चौदा-पंधरा तास दाखवतो. पण ड्रम, ॲम्प आणि सात माणसं भरलेली टेम्पो ट्रॅव्हलर, त्यात घाट, टोल, दोन जेवणं धरली की सतरा तास सहज लागतात. म्हणजे रात्री अकराला वाजवणं संपवून, सामान भरून निघालात तर दुसऱ्या संध्याकाळच्या साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीला) पोचणं नाही. तरीही काही बँड निघतात, आणि पाठोपाठ दोन रात्री जागलेला ड्रायव्हर गाडी चालवत असतो. असा बेत आखूच नका. एवढ्या लांबच्या पल्ल्याला मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. कोल्हापूर, बेळगाव किंवा हुबळीला छोटा गिग मिळाला तर उत्तमच.

दुसरी चूक खर्चाची. पहिल्या टूरला हॉल रिकामा मिळणार, हे धरूनच हिशेब मांडावा. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये ‘द पोलिस’ हा इंग्लिश बँड पहिला अल्बम बाजारात येण्याआधीच अमेरिकेत वाजवायला गेला. तीन माणसं, स्वस्तातली विमानाची तिकिटं, थोडकं सामान, फिरायला एक व्हॅन. पकिप्सी नावाच्या गावात समोर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच श्रोते होते. तिथेही ते वाजवून पुढे गेले. खर्च आवाक्यात असल्यामुळेच एक रिकामी रात्र त्यांना झेपली. तुमचं बजेटही असंच तपासा: पहिल्या तीन गावांत तिकिटांचे शून्य रुपये आले, तर चौथ्या गावाचं डिझेल खिशात आहे का?

तोंडी ठरलेलं

मी पुण्यात बरीच वर्षं छोट्या बँडसाठी कन्सोलवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवर, बसतो. टूरवर जे बिघडतं, त्यातलं बरंचसं कुणीतरी फोनवर “हो हो, होईल” म्हटल्यामुळे बिघडतं. ड्रमसेट तिथे आहे, असं सांगितलेलं असतं. पोचल्यावर सेट असतो, पण हाय-हॅटचा (पायाने वाजणाऱ्या झांजांच्या जोडीचा) स्टँड नसतो. एका क्लबमध्ये बेस ॲम्प “आहे” म्हणाले होते. तो होता, पण स्पीकर फाटलेला. त्या रात्री बेस थेट डीआय बॉक्समधून (वाद्य ॲम्पशिवाय कन्सोलला जोडणाऱ्या छोट्या डब्यातून) कन्सोलला घेतला आणि वादकाला मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये, दिला. डीआय आमच्या पेटीत होता म्हणून निभावलं.

म्हणून दोन कागद करा. एकावर इनपुट लिस्ट: कोणत्या चॅनेलला काय, कोणता माइक, कुठे डीआय, कुठे ४८ व्होल्टचा फँटम (काही माइकना कन्सोलकडून लागणारी वीज). दुसऱ्यावर स्टेजचं चित्र: कोण कुठे उभा राहणार, कुणाला किती प्लगपॉइंट हवेत, मॉनिटर कुठे. हे तीन आठवडे आधी पाठवा आणि लेखी होकार मागवा. मग आठवडाभर आधी तिथल्या साउंड इंजिनिअरशी स्वतः बोला. बुकिंग करणारा आणि आवाज सांभाळणारा ही दोन वेगळी माणसं असतात, आणि एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळलेलं असेलच असं नाही. ड्रमरने स्नेअर, सिंबल आणि किक पेडल स्वतःचं न्यायचं, तिथे कितीही चांगला सेट असला तरी.

पैशाचंही हेच. ठराविक रक्कम आहे की तिकिटातला वाटा? वाटा असेल तर आधी काय वजा होणार? निम्मी रक्कम आगाऊ येणार का? उरलेली स्टेजवर चढण्याआधी की नंतर? एक साधा ईमेल पुरतो.

ओठाला झिणझिण्या आल्या तर

यावर सविस्तर लिहितोय, कारण इथे जिवाशी गाठ आहे. गिटार हातात असताना गायकाचा ओठ माइकला लागतो आणि करंट बसतो. “जरासाच आहे” म्हणून माइकवर फोम चढवून गाणारे मी पाहिलेत. असं करू नका. तिथल्या तिथे थांबा.

कारण साधं आहे. कन्सोलची वीज एका ठिकाणाहून येते, स्टेजवरच्या ॲम्पची दुसरीकडून, आणि यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं किंवा मुळातच नसलेलं असतं. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थिंग नसेल तर त्या तारांवर व्होल्टेज येतं. माइकचा धातू कन्सोलमार्फत जमिनीशी जोडलेला. मधला पूल म्हणजे गायक.

१९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्झी इथे ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, करंट बसून स्टेजवरच मरण पावला. आपल्याकडच्या कॉलेज फेस्टिव्हलमध्ये, जनरेटरवर आणि मंडपाच्या वायरिंगवर, हा धोका आजही तसाच आहे.

पेटीत मल्टिमीटर ठेवा आणि ते वापरणारा एक जण ठरवा. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास हवं, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. सगळं जोडल्यावर एसी रेंजवर एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याजवळ नसेल तर वाजवायचं नाही. कन्सोल आणि स्टेज एकाच, नीट अर्थिंग असलेल्या डिस्ट्रिब्यूशनवर घ्यायला सांगा, आणि त्यावर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का पाहा. आयोजक कुरकुरेल, उशीर होईल, होऊ द्या.

एक जुनी खोड इथेच सांगतो. गुणगुण येते म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. गुणगुण जाते खरी, पण संरक्षणही जातं. त्यासाठी डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, ते वापरा.

गाणी

स्टुडिओत गिटारचे सहा थर लावलेले असतात आणि स्टेजवर गिटारवादक एकच असतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात हे लक्षात येतं. टूरच्या किमान महिनाभर आधी प्रत्येक गाणं उपलब्ध माणसांसाठी नव्याने बांधा. लॅपटॉपवरून ट्रॅक सोडणार असाल तर सगळ्या फाइल एकाच सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे जेवढे नमुने घेतले जातात त्या दराच्या) ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८वर धावली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो, आणि बँड एका पट्टीत, ट्रॅक दुसऱ्या पट्टीत अशी अवस्था होते.

सेटलिस्ट एकाच माणसाने लिहायची आणि एकाच वेळी छापायची. ‘ओएसिस’ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम येऊन महिना झाला होता, तेव्हा, २९ सप्टेंबर १९९४ला, लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’मध्ये बँडमधल्यांसमोर वेगवेगळ्या याद्या होत्या, एकाने एक गाणं सुरू केलं, दुसऱ्याने दुसरंच. त्यानंतर गिटारवादक आणि गीतकार नोएल गॅलाघर टूर सोडून निघून गेला आणि बँड तुटता तुटता वाचला. ट्यूनिंग बदलणारी गाणी लागोपाठ ठेवा, म्हणजे मधली शांतता लांबत नाही.

रात्री गाडीत सामान

‘मेटॅलिका’ हा अमेरिकन बँड पहिल्याच अल्बमचे कार्यक्रम करत होता तेव्हा, जानेवारी १९८४मध्ये, बॉस्टनमध्ये त्यांचं सामान चोरीला गेलं. त्यात गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा आवडता मार्शल ॲम्पही होता. कितीही थकलात तरी गिटार आणि पेडलबोर्ड खोलीत न्या. सीरिअल नंबरचे फोटो काढून ठेवा. उन्हात बंद गाडीत गिटार तर अजिबात ठेवायची नाही. पुण्याच्या कोरड्या हवेतून गोव्याच्या दमट हवेत गेलेली गिटारची नेकही (मान) हलते, तेव्हा पेटी उघडून तासभर थांबा आणि मगच ट्यून करा.

दहाची वेळ

उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. २०००च्या नियमांनुसार राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. मुंबईचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह, जिथे इथल्या रॉकच्या कित्येक पिढ्या वाजवून गेल्या, याच कारणाने गप्प झालं. नऊचा कार्यक्रम साडेनऊला सुरू झाला, तर दहाला वीज जाईल तेव्हा तुमचं सगळ्यात चांगलं गाणं वाजायचं राहिलेलं असेल. ते आधी घ्या.

टी-शर्टवर तारखा छापू नका. एखादा गिग रद्द होतोच. तळघरातल्या क्लबमध्ये यूपीआयला रेंज नसते, सुटे पैसे ठेवा.

गायकाने गिगनंतर गोंगाटात गप्पा मारायच्या नाहीत. गाडीत एसीचा झोत अंगावर घ्यायचा नाही. घसा बसला तर कुजबुजूही नये, त्यानेही ताण पडतो. पूर्ण गप्प राहावं. दर दोन-तीन कार्यक्रमांनंतर एक दिवस सुट्टीचा हवा, आणि तो रद्द करून तिथे आणखी एक गिग बसवायची विनंती आली, तर नाही म्हणायचा अधिकार गायकाकडे असू द्या.

परतल्यावर आठवड्याच्या आत हिशेब सगळ्यांसमोर मांडा. गाणी तुमची आहेत, तर गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गाण्यांच्या वापराचं मानधन गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्या आणि कुठे, कधी, कोणती गाणी वाजवली त्याची यादी जपून ठेवा. कार्यक्रमाचा परवाना घेणं आयोजकाचं काम, पण त्यातला वाटा पोचायचा तर तुमचं नाव तिथे नोंदलेलं हवं.