आयकराची नोटीस आली, तर या चुका टाळा

मी नोकरदार आणि निवृत्त मंडळींची रिटर्न भरण्याचं काम करतो. ज्यांना दंड भरावा लागला, त्यांच्यात मुद्दाम कर बुडवणारा माणूस मला क्वचितच दिसला. कोणी मेल उघडलेलाच नसतो, कोणी एजंटावर सगळं सोपवून मोकळं झालेलं असतं, कोणी घाईघाईत भलतंच उत्तर पाठवलेलं असतं. यातलं जवळजवळ सगळं टाळता येण्यासारखं आहे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असला, तरी त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं १९६१च्या कायद्यानेच चालतात. म्हणून खाली कलमं जुनीच दिली आहेत.

नोटीस कुठली, हे न बघताच घाबरणं

कलम १४३(१)चं पत्र आलं म्हणजे तपासणी लागली असं नाही. बेंगळुरूच्या केंद्रात संगणकाने तुमचं रिटर्न तपासून काढलेला तो हिशोब असतो. एका बाजूला तुमचे आकडे, दुसऱ्या बाजूला त्यांचे. दोन्ही जुळले तर करायचं काहीच नाही. रिटर्नमध्ये फेरफार सुचवला असेल, तर उत्तराला ३० दिवस मिळतात. कलम १३९(९)ची नोटीस रिटर्नमधल्या त्रुटीची. तिला मुदत १५ दिवसांचीच, आणि ती चुकली तर रिटर्न अवैध ठरू शकतं, म्हणजे भरलंच नव्हतं असं धरलं जातं. खरी तपासणी कलम १४३(२)च्या नोटिशीने सुरू होते. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं, ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती यावी लागते. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ही तारीख ३० जून २०२६.

पत्र खरं आहे ना, हेही आधी पाहा. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डिन, असतो. तो आयकर पोर्टलवर लॉग-इन न करताही तपासता येतो. मेलमधल्या लिंकवर जाऊन कार्डाचा नंबर किंवा ओटीपी कधीच देऊ नका.

पोर्टलवर एजंटाचा मेल आणि मोबाइल

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. रिटर्न भरून देणारा सोयीसाठी स्वतःचाच ई-मेल टाकतो. नोटीस त्याच्याकडे जाते, त्याच्या शेकडो मेलमध्ये बुडते, आणि तुम्हाला कळतं ते थेट मागणीपत्र आल्यावर. नोटिशीला प्रतिसाद न दिल्याबद्दल कलम २७२अ खाली प्रत्येक वेळी १०,००० रुपये दंड होऊ शकतो. तपासणीत गप्प राहिलात, तर अधिकारी कलम १४४ खाली त्यांच्यासमोरच्या माहितीवरून कर ठरवतात, आणि ती माहिती बहुधा तुमची बाजू सांगत नाही.

आजच पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये जाऊन स्वतःचा नंबर आणि मेल टाका. आईवडिलांचंही खातं उघडून बघा. पेंडिंग ॲक्शन्सखाली ई-प्रोसीडिंग्ज हा नोटिसांचा विभाग असतो, तिथे महिन्यातून एकदा नजर टाकली तरी पुरे. उत्तराला वेळ कमी पडत असेल, तर मुदत संपण्याआधी तिथूनच मुदतवाढ मागा.

‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास

कंपन्यांच्या गेटबाहेर असे लोक भेटतात. रिफंडातला हिस्सा घेतात आणि रिटर्नमध्ये खोटं घरभाडं, न घेतलेला विमा किंवा राजकीय पक्षाला न दिलेली देणगी दाखवतात. जुलै २०२५ मध्ये खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा मध्यस्थांवर कारवाई केली.

हिशोब मांडून पाहा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने कलम ८०क (८०सी) खाली गुंतवणुकीची दीड लाखाची खोटी वजावट घेतली, तर उपकर धरून ४६,८०० रुपये वाचल्यासारखे वाटतात. पकडलं गेल्यावर तो कर आणि व्याज भरायचंच, शिवाय कलम २७०अ खाली चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या २०० टक्के, म्हणजे ९३,६०० रुपये दंड. हिस्सा घेऊन गेलेला माणूस तोवर फोन उचलत नाही. रिटर्नवरची सही तुमची असते, त्यामुळे ‘एजंटाने भरलं’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

असं झालं असेल, तर नोटिशीची वाट पाहू नका. मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरा. ती संपली असेल, तर अद्ययावत रिटर्न भरता येतं. करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष, संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा द्यावे लागतात, पुढे हे प्रमाण वाढत जातं आणि ४८ महिन्यांनी दार बंद होतं. त्या वर्षाची तपासणी सुरू झाल्यावर मात्र ही वाट साधारणपणे मिळत नाही.

ठेवींचं व्याज आणि रोख भरणा

‘बँकेने टीडीएस कापला, म्हणजे कर भरला’ हा समज ज्येष्ठांमध्ये फार दिसतो. टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापून घेतलेला कर, १० टक्के असतो. तुमचा टप्पा २०चा असेल तर बाकीचं तुम्हीच भरायचं. बँकेला १५एच फॉर्म दिल्याने टीडीएस थांबतो, व्याज करमुक्त होत नाही. रिटर्न भरण्याआधी वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून सगळी व्याजं पडताळा. त्यात चूक दिसली, उदाहरणार्थ संयुक्त खात्याचा व्यवहार दोघांच्याही नावावर पूर्ण दिसला, तर तिथेच हरकत नोंदवा.

बचत खात्यांत वर्षभरात मिळून १० लाख किंवा जास्त रोख भरली, की बँक ते आयकर खात्याला कळवते. पैसा शेतीचा असेल तर नुसतं ‘शेतीचं उत्पन्न’ लिहून भागत नाही. सातबारा, त्यावरची पीकपाहणी, आडत्याच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिलं, सगळं त्याच वर्षाचं जोडा. भिशी असेल तर सभासद आणि तारखांची वही हवी. लग्नात मिळालेला आहेर करमुक्त आहे, पण कोणी किती दिला याची यादी त्याच वेळी केलेली असेल तर बोलणं सोपं जातं. स्रोत पटला नाही, तर १९६१च्या कायद्याने ६० टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर, एकूण ७८ टक्के. मागच्या तारखेचं बक्षीसपत्र बनवण्याच्या भानगडीत पडू नका. करवादाचं फौजदारी प्रकरण तिथून उभं राहू शकतं.

उत्तरात नको तेवढं लिहिणं

विचारलेल्या मुद्द्यांना क्रमांकाने उत्तर द्या आणि प्रत्येकाला त्याचाच कागद जोडा. एका एफडीबद्दल विचारलं असताना पाच वर्षांची पासबुकं चढवली, तर नवे प्रश्न तुम्हीच तयार करता. उत्पन्न वाढवण्याचा प्रस्ताव असलेली कारणे दाखवा नोटीस आली, तर व्हिडिओ सुनावणी मागता येते. आकड्यांपेक्षा परिस्थिती समजावून सांगायची असेल, तेव्हा ती जरूर मागा.

आदेश विरुद्ध गेला, की पुष्कळ जण लगेच अपील ठोकतात. त्याला ३० दिवस असतात, फॉर्म ३५ लागतो. पण चूक खरोखर तुमची असेल आणि दंड ५० टक्क्यांच्या गटातला, म्हणजे उत्पन्न कमी दाखवल्याचा असेल, तर आधी कलम २७०अअ वाचा. मागितलेला कर आणि व्याज मागणीपत्राच्या मुदतीत भरून, अपील न करता, आदेश मिळालेला महिना संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म ६८ दिला, तर त्या दंडातून सूट मागता येते. अपील दाखल केलंत की हा हक्क जातो, म्हणून या दोन्हींतलं काय करायचं ते सीएबरोबर बसून आदेश आल्याच्या पहिल्या आठवड्यातच ठरवा.